बंद स्क्रीनमध्ये जे दिसेल ते

काळं कापड घ्यायला डॉक्टर स्वतः गेले होते. दुकानदार एकेक ठाण उलगडत होता आणि डॉक्टर प्रत्येक कापड दुकानाबाहेर नेऊन उन्हाकडे धरून बघत होते. उजेडाचा एक कण आरपार येता कामा नये, असा हट्ट. शेवटी दुकानदार वैतागला. "साहेब, घरात नक्की काय लपवायचंय तुम्हाला?" डॉक्टर हसले. "लपवायचं काही नाही हो. नीट दिसायला हवंय," म्हणाले आणि सगळ्यात जाड कापड बांधून घेऊन घरी आले.

आता हे डॉक्टर म्हणजे गोळ्या-इंजेक्शनवाले नव्हेत. हे फोटो वाचणारे. एक्स-रे म्हणा, स्कॅन म्हणा, मशीन माणसाच्या आतलं जे काही काढून देईल ते बघायचं आणि काय आहे, काय नाही ते सांगायचं. पेशंटचं तोंड बघायची वेळच यायची नाही. उभा जन्म हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत गेला. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे घुबड पाळलंय. दिवसा अजिबात दिसत नाही." सगळे हसायचे. डॉक्टरही हसायचे आणि परत कामाला निघून जायचे.

मग तिचा खोकला सुरू झाला. फुप्फुसं आतून सुकत, कडक होत चालली होती. तिचा स्कॅन डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाला वाचू दिला नाही. स्वतःच वाचला, आणि वाचून झाल्यावर कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतंच हो. पहिल्या वर्षाच्या पोरानंही ओळखलं असतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "किती?"

"बघू."

"म्हणजे फार नाही." ती थोडा वेळ श्वास गोळा करत बसली. मग म्हणाली, "आयुष्यभर लोकांची हाडं बघत बसलात. आता उरलेत तेवढे दिवस माझं तोंड बघा. एवढं एकच करा. बाकी मला काही नको."

काम सोडणं परवडणारं नव्हतं, पण घरून करणं तर जमण्यासारखं होतं. हॉस्पिटलनं दोन मोठ्या स्क्रीन पाठवल्या, संगणक पाठवला आणि डॉक्टरांनी मागची खोली कामाची करायला घेतली.

आणि एकदा हातात घेतलं की हा माणूस अर्धवट सोडायचा नाही. भिंतींना राखाडी रंग. खिडकीवर ते काळं कापड, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून. दाराच्या फटींना जाड लोकरी नमदा, म्हणजे उजेडही नको आणि आवाजही नको. दारावर आतून पुन्हा काळा पडदा. टेबलाची उंची कोपराला आणून, खुर्ची मानेला सांभाळून. स्क्रीनच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा, डोळे शिणू नयेत म्हणून. भर दुपारी आत शिरलं तरी बाहेर ऊन आहे की पाऊस, पत्ता लागू नये अशी खोली झाली. नव्या रंगाचा आणि सरसाचा वास तेवढा जाता जाईना.

एक नियम डॉक्टर सगळ्या विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. स्क्रीन बंद करायची, खुर्चीत बसायचं आणि काळ्या काचेत बघायचं. काचेत जे दिसेल ते खोलीतून काढून टाकायचं. कारण आज काचेत जे दिसतं, तेच उद्या पेशंटच्या फुप्फुसावर दिसणार आणि तुम्ही त्याला गाठ म्हणणार. घरच्या खोलीतही त्यांनी तेच केलं. घड्याळ दिसलं, काढलं. पांढरं कपाट दिसलं, बाहेर ढकललं. मग लग्नातल्या फोटोची काच चमकली, तोही उतरवला.

शेजारच्या खोलीतल्या पलंगावरून, उघड्या दारातून ती हे सगळं बघत होती. "वा! मलाच बाहेर काढलंत की!" म्हणाली.

"अगं, फोटो काढला. तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय ना आत. माझ्या मागेच. दुपारी बरं वाटलं की येऊन बसत जा."

तिला ते आवडलं. पलंगाजवळ प्राणवायूचं मोठं मशीन घरघरत असायचं, त्याची नळी नाकाला. पण घरात हिंडायचं झालं तर चाकांवरचा एक लहान सिलिंडर होता. तो ओढत खुर्चीपर्यंत यायचं, असं ठरलं. आणि यायला जमलं नाही तर? हाक मारण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता. घंटी लावावी, तर डॉक्टर रिपोर्ट माइकमध्ये बोलून सांगायचे; मध्येच घंटी वाजली की सगळा विचका. म्हणून तिच्या उशाशी बटण आणि यांच्या खोलीत लाल दिवा, अशी सोय केली. दिवा आधी टेबलावर ठेवला होता, पण डोळ्यांत जायचा. मग पाठीमागे दारावर, पडद्याच्या वर लावला; पेटला की काचेत कळेल असा. बटण दाबलं की दिवा पेटणार आणि ते उठून येणार. तिनं दोन-तीनदा गंमत म्हणून दाबून बघितलं. दर वेळी डॉक्टर लगबगीनं आले. "हुकमाचा ताबेदार मिळाला म्हणायचा एकदाचा," ती म्हणाली.

मग हॉस्पिटलनं खोली तपासायला माणूस पाठवला. उजेड मोजायचं मीटर घेऊन तो गावभर फिरायचा, म्हणून सगळे त्याला मीटरवालेच म्हणत. पन्नाशीचा गडी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आत शिरता शिरता त्यानं खिशातून काळी टोपी काढून घातली. "टक्कल दिसतं हो स्क्रीनमध्ये," म्हणाला. "बायको म्हणते, तुम्हालाच खोलीबाहेर काढायला हवं."

डॉक्टर बाहेर थांबले. मीटरवाले आत बसून बराच वेळ खुडबुड करत होते. मग पडद्याआडून त्यांचा आवाज आला. "फर्स्ट क्लास खोली आहे डॉक्टरसाहेब! फक्त वहिनींना सांगा, इथं बसताना ती फिकी शाल नको. डाव्या स्क्रीनमध्ये दिसते."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. ही कधी आत जाऊन बसली, असं त्यांना वाटलं खरं, पण आली म्हणजे आज दम बरा आहे, याचाच त्यांना आनंद झाला. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला आणि ते बोलत बोलत अंगणात गेले. परत आले तेव्हा मीटरवाले गेले होते आणि ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. शाल अंगावर होती. त्यांनी झोपमोड केली नाही.

काम सुरू झालं. सकाळी सांभाळणाऱ्या मावशी यायच्या, तिचं सगळं आवरून, जेवण भरवून दुपारी जायच्या. मग घरात ही दोघंच. डॉक्टर सकाळपासून खोलीत. एक पेशंट संपला की दुसऱ्याचे फोटो उघडेपर्यंत स्क्रीन थोडा वेळ काळी व्हायची. त्या तेवढ्या वेळात, मावशी गेल्यानंतर, डाव्या काचेत ती दिसायला लागली.

तीच. डावा खांदा किंचित उतरलेला, एक हात बरगडीवर, अंगावर फिकी शाल. डॉक्टरांना चेहऱ्याची गरजच नव्हती. नुसत्या हाडांच्या ठेवणीवरून माणूस ओळखायची त्यांची सवय. ती आली आहे, गुपचूप मागे बसली आहे, एवढं कळलं की त्यांना हायसं वाटायचं. शालीचं तिला सांगायचं, असं रोज मनात यायचं. पण आलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? नियम असला म्हणून काय झालं?

ते न वळता बोलायला लागले. "हा बघ, सायकलवरून पडलेला. मनगट गेलंय बिचाऱ्याचं." काचेतली मान हलायची. "ही बाई सुटली गं. काही नाही निघालं." मान हलायची. चाळीस वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं इतकं त्यांनी त्या दुपारींत सांगून टाकलं. तळघरात बसून तिच्या किती हाका टाळल्या, तेही सांगितलं. काम लवकर संपत असतानाही रेंगाळायचो, घरी आल्यावर काय बोलायचं कळायचं नाही म्हणून, असंही सांगितलं. ती ऐकून घ्यायची. एकदा गहिवरून ते मागे वळले, तर खुर्ची रिकामी. दाराला नमदा लावलेला, जाताना आवाज कसा येणार? दमली असेल, गेली असेल, असं म्हणून ते पुढच्या फोटोकडे वळले.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. ती छातीला निलगिरीचं तेल चोळायची आणि जिथं जाईल तिथं तो वास तिच्या आधी पोचायचा. खोलीत नव्या रंगाचा वास यायचा, सरसाचा यायचा, तापलेल्या संगणकाचा यायचा. निलगिरीचा कधीच आला नाही. आणि त्या सिलिंडरची चाकं कुरकुरायची, तीही कधी ऐकू आली नाहीत. दुसऱ्यांच्या फोटोत राईएवढी खूण डोळ्यांत तेल घालून शोधणारा माणूस! पण हवं ते दिसलं ना, की पुढचं शोधणं थांबतं. हेही ते विद्यार्थ्यांना शिकवायचे.

एका संध्याकाळी ते तिच्याजवळ येऊन बसले. ती फार दमलेली दिसत होती. हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"तुम्ही दिवसभर येतच नाही," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. दुपारभर मागे बसून परत वर टोमणे! "आणि तू? तू येतेस तेच पुरे," म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली आणि ते तसंच राहिलं. डॉक्टर तिची पाठ चोळत बसले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती, कारण एक तातडीचा स्कॅन यायचा होता.

मग तो दिवस आला. दुपारी एका म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो उघडला होता आणि वरच्या कोपऱ्यात, अगदी फुप्फुसाच्या शेंड्यावर, त्यांना लालसर ठिपका दिसला. फोटो हलवला, ठिपका हलला नाही. म्हणजे फोटोतला नाही. काचेतला. दारावरचा दिवा पेटला होता.

ते उठायला लागले. म्हाताऱ्याचा फोटो बंद केला, तशी स्क्रीन काळी झाली आणि डाव्या काचेत ती होती. नेहमीसारखी, मागे बसलेली, हात बरगडीवर.

"अगं, तू तर इथं आहेस! मग बटण कोण दाबतंय?"

काचेतली ती हलली नाही.

"तार कुठंतरी चिकटली असणार," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. दिवा विझला. पुन्हा पेटला. विझला. पेटला, आणि मग पेटलेलाच राहिला. म्हाताऱ्याचा रिपोर्ट खोळंबला होता, पुढे रांग लागली होती आणि तो लाल ठिपका प्रत्येकाच्या फुप्फुसावर जाऊन बसत होता. शेवटी डॉक्टरांनी खणातून काळी चिकटपट्टी काढली, स्टुलावर चढून दिव्यावर मारली आणि खाली उतरले. खुर्चीत बसून काळ्या काचेत बघितलं. ठिपका गेला होता.

"आता बरं झालं... हो ना?"

काचेतली मान हलली. या वेळी जरा जास्तच वेळ हलत राहिली.

संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा घरात भयाण शांतता होती. प्राणवायूचं मशीन बंद पडलं होतं. त्याची पिन भिंतीतून निसटून लोंबत होती. उठून बसवायला दोन पावलं पुरली असती, पण तिच्यात ती दोन पावलंही नव्हती. ती पलंगाच्या कडेला वाकडी पडली होती. बटण मुठीत होतं आणि अंगठा त्यावर असा घट्ट रुतला होता की तो सोडवताना डॉक्टरांना जोर लावावा लागला. अंग केव्हाच गार झालं होतं. तोंड दाराकडे होतं, उघड्या डोळ्यांचं. आणि त्या क्षणी डॉक्टरांना आठवलं की घरी राहायला लागल्यापासून हे तोंड आपण धड बघितलेलंच नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी डोळे पुसत म्हणाल्या, "बाई महिनाभर पलंगावरून उतरल्या कुठं होत्या साहेब? मीच उचलून बसवायची."

"पण... दुपारी यायची ती. माझ्या खोलीत. तो लहान सिलिंडर घेऊन..."

मावशींनी कोपऱ्यात बोट दाखवलं. लहान सिलिंडर तिथं उभा होता. तोंडावरचं कागदी सील कुणी फोडलेलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टर मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख तर होतंच, पण त्याहून वाईट काहीतरी त्यांना खात होतं. जे सगळं त्यांनी तिला सांगितलं होतं, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते ऐकलं होतं दुसऱ्याच कुणीतरी.

त्या दिवशी रात्रीच त्यांनी दिव्याची तार कापली. बटणातली बॅटरी काढून फेकून दिली. पट्टी मात्र काढायला हात धजेना.

पुढे माणसं आली, गेली. डॉक्टर काम करत राहिले, दुसरं करणार काय? पण काम झालं की स्क्रीन बंद करायचे आणि काळ्या काचेसमोर बसून राहायचे. आधी घाबरत घाबरत, मग चिडून, मग अगदी हात जोडून. "कोण आहेस ते कळू दे. नाहीतर तिला तरी पाठव. एकदा... एकदाच." काच काळी ती काळीच. शाल नाही, खांदा नाही. स्वतःचं तोंडही त्यांना त्यात दिसेनासं झालं. खोली अगदी हवी तशी झाली होती, नियमात बसणारी. आत काहीच नव्हतं. हळूहळू त्यांनी वाट बघणंही सोडलं. जेवण ताटात तसंच राहायचं. चार पावलं चाललं की तिच्यासारखाच कोरडा खोकला यायचा, आणि तो खोकला कसला हे ओळखायला त्यांना स्कॅनची गरज नव्हती. त्यांनी काढलाही नाही.

असेच एका दुपारी मीटरवाले पुन्हा आले. खोली ठराविक काळानं तपासावी लागते, तेवढंच निमित्त. त्यांना घरातलं काही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. कुणाला ते सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं.

टोपी घालून मीटरवाले आत गेले. दार उघडं होतं, मधे काळा पडदा. डॉक्टर अलीकडे, चौकटीला हात टेकून उभे. आत स्क्रीन बंद केल्याचा आवाज आला.

"छान ठेवलीय खोली," आतून आवाज आला. "फक्त एक सांगू का डॉक्टरसाहेब? राग मानू नका. वहिनींना मी मागेही म्हटलं होतं, ती शाल दिसते म्हणून. आणि आता तुम्हीपण त्यांच्या शेजारी बसलाय. दोघंही दिसताय हो."

डॉक्टरांनी चौकट घट्ट धरली. "मी..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी कुठं बसलोय?"

"हे काय, वहिनींच्या खुर्चीला टेकून. खाली जमिनीवर." मीटरवाले हसले. न वळताच बोलत होते, नजर काचेवर ठेवून. "आणि ते हातात काय आहे? मघापासून सारखं दाबताय... चालत नाही का?"

डॉक्टरांनी आपले दोन्ही हात बघितले. रिकामे होते. त्यांनी पडदा बाजूला केला. खोलीत मीटरवाल्यांशिवाय कुणी नव्हतं, आणि खुर्चीवर काही नव्हतं. पण निलगिरीचा वास आला. इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा, त्या खोलीत तो दाटून आला होता.

"हां, आणि एक राहिलंच," मीटरवाले मीटर पिशवीत भरत म्हणाले. "दारावरचा तो लाल दिवा. पट्टी मारलीय तुम्ही, पण कडेनं अजून दिसतोय जरासा. वरून आणखी एक मारून टाका, म्हणजे झालं."